दहा वाजून दहा मिनिटांचा ग्राफ

तारीखमास्तरांना कुणी तारीख विचारली तर ते आधी भिंतीकडे बघत, मग मनगटाकडे, मग कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात, आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं की मगच तोंड उघडत. तोवर विचारणारा निघून गेलेला असे. ऑफिसात आम्ही आठ जण, आणि आठही जण त्यांना हसायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे, कारण माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं आणि हा छळ माझ्याच वाट्याला जास्त यायचा.

वय पन्नाशीच्या पुढे. त्याआधीची वीस-बावीस वर्षं त्यांनी कॅलेंडरं आणि डायऱ्या छापणाऱ्या एका छापखान्यात काढली होती. काम एकच, पान छपाईला जाण्याआधी वार आणि तारीख जुळतात का ते बघायचं. एका वर्षी दुसऱ्याच कुणीतरी तपासलेलं कॅलेंडर एकतीस दिवसांच्या जूनसकट बाजारात गेलं आणि सगळा माल परत आला. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला, आपल्या हातून जाणारं काहीही तीनदा बघितल्याशिवाय सोडायचं नाही. छापखाना बंद पडला तेव्हा, ज्या वयात लोक नवा मोबाइलसुद्धा पोरांकडून सुरू करून घेतात त्या वयात, हा माणूस प्रोग्रॅमिंग शिकला. त्यांच्या बायकोने एकदा माझ्यापाशी तक्रार केली होती, "लग्नाची तारीख यांनी तीनदा तपासून घेतली. मला मात्र एकदाच बघितलं." मास्तर शेजारी बसून खाली मान घालून हसत होते.

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी काम करते. पेशंटच्या बोटाला चिमटा लावतात, त्यातून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा येतो, तो मिनिटामिनिटाला साठवायचा आणि त्याचा ग्राफ दाखवायचा. ग्राफ काढायला तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, मिळते. उभ्या रेघेवर काय आणि आडव्या रेघेवर काय, एवढं तिला सांगावं लागतं. उभी रेघ सोपी, तिथे नुसते आकडे. घोडं अडतं ते आडव्या रेघेवर, कारण तिथे वेळ असते आणि वेळेला शंभर फाटे. आधी दिवस लिहायचा की महिना, घड्याळ बारा तासांचं की चोवीस, खुणा पाच मिनिटांनी की पंधरा, मधले आकडे आलेच नाहीत तर रेघ तोडायची की तशीच पुढे न्यायची. आम्हा बाकीच्यांना ही कटकट वाटायची, आम्ही ती मास्तरांच्या गळ्यात घालून मोकळे व्हायचो. ते मात्र त्यात रमायचे. आमची लायब्ररी महिने शून्यापासून मोजते, म्हणजे जानेवारीला शून्य म्हणते, हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. ज्याने हे ठरवलं त्याच्या घरी कॅलेंडर नसणार, असं म्हणाले.

त्या वर्षी एका हॉस्पिटलने नवी मागणी केली. वॉर्डातल्या स्क्रीनवर ग्राफ दिसत होताच, पण ऑक्सिजन धोक्याच्या खाली गेला की त्याचं एक छापील पान आपोआप तयार व्हावं, पेशंटच्या फायलीत लावायला. घसरणीच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास, बस. मास्तरांनी दोन आठवडे खपून ते पान केलं. देखणं होतं. तपासायचं काम माझं. मी माझ्या कॉम्प्युटरवर पन्नास पानं काढली, वेळा जुळवल्या, मिनिटाचाही फरक नव्हता. कागदावर सही केली आणि पान हॉस्पिटलला गेलं.

सहा महिन्यांनी त्या हॉस्पिटलची एक सिस्टर आमच्या ऑफिसात आली. पन्नाशीची असेल. केस मागे घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी, पिशवीत वॉर्डाच्या नोंदवहीच्या पानांच्या प्रती. तिच्या वॉर्डात एक वृद्ध गृहस्थ गेले होते. नोंदवहीत तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं की दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ऑक्सिजन उतरायला लागला, तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी डॉक्टरांना बोलावलं. साडेचारच्या आत सगळं संपलं. पण आमचं छापील पान सांगत होतं की घसरण सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. म्हणजे माणूस साडेपाच तास गुदमरत होता आणि ही बाई बसून होती. त्या खाटेची, ऑक्सिजन उतरला की वाजणारी घंटी महिनाभर बिघडलेली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावर कुणी ब्र काढला नाही. डॉक्टर म्हणाले, मी आल्यावर पेशंटकडे बघितलं, घड्याळाकडे नाही. चौकशी समितीने तिला घरी बसवलं होतं.

ती भांडायला येती तर बरं झालं असतं. मास्तरांपुढे खुर्चीच्या टोकावर बसून ती म्हणाली, "मला मशीन कसं चालतं तेवढं दाखवा. सगळे म्हणतात मशीन चुकत नाही. मग माझंच डोकं कुठेतरी चुकतंय. ते कुठे, हे मला बघायचंय."

मास्तरांनी तिला सगळं दाखवलं, चिमट्यापासून कागदापर्यंत. तिने मान डोलावली, आभार मानले आणि गेली. ती गेल्यावर मास्तरांनी त्या पेशंटचा, समितीतल्या कुणीच मागितला नव्हता तो, अख्ख्या दिवसाचा ग्राफ सर्व्हरवरून काढला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. रेघ पहाटे चारला सुरू झाली होती. नोंदवहीच्या प्रतीवर पेशंट दाखल झाल्याची वेळ होती साडेनऊ. माणूस हॉस्पिटलात यायच्या साडेपाच तास आधीच आम्ही त्याचा ऑक्सिजन मोजला होता.

चूक एका रिकाम्या जागेची होती. आकडे साठतात ते जगाच्या एका ठरलेल्या वेळेने, म्हणजे कुठूनही बघितलं तरी गोंधळ नको. आमची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ग्राफ काढताना लायब्ररीला सांगावं लागतं की वेळ कुठली दाखवायची. ती जागा रिकामी ठेवली तर ती ज्या मशीनवर चालते त्या मशीनचं घड्याळ धरते. मास्तरांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ इथलं, माझ्या कॉम्प्युटरचंही इथलंच, वॉर्डातल्या स्क्रीनचंही. छापील पान मात्र दूरच्या सर्व्हरवर तयार व्हायचं, आणि त्याचं घड्याळ जगाच्या वेळेवर होतं. मास्तरांनी दिवस-महिन्याचा क्रम तीनदा तपासला, खुणांचं अंतर तीनदा तपासलं, पण तिन्ही वेळा स्वतःच्याच टेबलावर बसून. आणि मी शेजारच्या टेबलावर.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिला फोन करा. मास्तरांनी फोन बाजूला सरकवला. "आधी बाकीची पानं बघू," ते म्हणाले. "एकच चुकलंय की सगळी, हे कळल्याशिवाय कुणाला काय सांगणार? परत चुकीचं सांगायचं का?"

दोनशे बारा पानं होती. त्यांनी प्रत्येक पान हॉस्पिटलच्या नोंदींशी ताडून बघायला घेतलं, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे तीनदा. कंपनीच्या साहेबांना ही चालढकल फारच आवडली, पूर्ण खात्री झाल्याशिवाय बाहेर एक शब्दही जाता कामा नये असं त्यांनी बजावलं. या दोघांना बोल लावून मी सुटत नाही. फोन माझ्याही टेबलावर होता. पण त्या कागदावर माझी सही होती, आणि एकेक दिवस पुढे गेला की मला आतून बरंच वाटायचं. याची मला लाज वाटते.

तीन आठवड्यांनी मास्तरांनी समितीला पत्र लिहिलं. साहेबांना न विचारता, स्वतःच्या नावाने. चूक माझी, तपासणीही माझ्याकडूनच नीट झाली नाही, असं त्यात होतं. पाठवण्याआधी त्यांनी ते मला वाचायला दिलं. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी पत्र वाचलं, एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता तो दाखवला, आणि परत दिलं. पुढे त्यांची नोकरी गेली, माझी राहिली.

समितीने महिन्याभराने सिस्टरला निर्दोष ठरवून कामावर परत बोलावलं. ती गेली नाही. का गेली नाही, हे मला तोवर कळलेलं होतं, कारण पत्र दिलं त्याच दुपारी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो होतो.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बहीण आणि ती अशा दोघीच राहत. मास्तर जिने चढून आले ते बसण्याआधीच बोलायला लागले. दोन्ही ग्राफ त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आधीचा आणि दुरुस्त केलेला, आणि बोट ठेवून ठेवून सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की मागच्या आठवड्यात तिने समितीला लिहून दिलंय, माझ्याकडून दुर्लक्ष झालं म्हणून. त्या गृहस्थांच्या मुलीकडे जाऊन माफीही मागून आली. मुलीने दार लावून घेतलं, पण त्याआधी ऐकून घेतलं.

"पण तुमची चूक नव्हतीच," मास्तर म्हणाले. "दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा ऑक्सिजन सत्त्याण्णव होता. हे बघा ना."

"मला आठवतंय, भाऊ," ती म्हणाली. "पहिल्यांदा आठवत नव्हतं. मग रोज विचार करत बसले तेव्हा आठवलं. दहाच्या सुमाराला मी औषधांच्या कपाटापाशी उभी होते. तिथून स्क्रीनवरची रेघ उतरलेली दिसली. हातातलं संपवून जाऊ म्हटलं, आणि राहिलंच."

तिची बहीण दारात उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली. मास्तर पुन्हा कागदावर बोट ठेवून सांगू लागले. सिस्टर त्यांच्याकडे बघत होती ती दयेनेच. शेवटी तिने दोन्ही कागद उचलले, नीट एकावर एक ठेवले आणि त्यांच्याकडे सरकवले.

"तुम्ही भला माणूस आहात," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं करून आणलंत. पण ग्राफ तुम्हीच काढता ना? तेव्हा एक होता, आता दुसरा आहे. मी कशावर विश्वास ठेवू?"

मास्तरांनी कागद पिशवीत घातले. गेले तीन आठवडे ते धड जेवले नव्हते, हे मला रोज शेजारी बसूनही दिसलं नव्हतं ते तिला दहा मिनिटांत दिसलं. तिने काही न विचारता त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातावरचं घड्याळ वर फिरवलं आणि ओठ मिटून पूर्ण मिनिटभर मोजलं.

"एकशे अठरा," ती म्हणाली. "आणि मधूनच एक ठोका चुकतोय. घरी जाऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आत्ता चार वाजून वीस झालेत, कोपऱ्यावरचा दवाखाना साडेपाचपर्यंत उघडा असतो."

मास्तर उठले. ती दारापर्यंत आली, कठडा धरून उतरा म्हणाली. आम्ही पहिल्या वळणावर पोचलो तेव्हा वरून पुन्हा तिचा आवाज आला.

"भाऊ, पण माझ्या मोजण्यावर जाऊ नका. तिथे कुणाकडून तरी परत मोजून घ्या."