दोघांचा परवाना

बाजारातल्या दुकानदारांनी त्याला ग्रॅमराव म्हणायला सुरुवात केली आणि ते इतकं चिकटलं, की त्याचं खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. मखमलीच्या खाचांत बसवलेल्या पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन पस्तीस वर्षं तो दुकानोदुकानी हिंडला. कोणाच्या काट्यात दोन ग्रॅमचा फरक निघाला, तर दुकानदारापेक्षा त्यालाच जास्त लाज वाटायची.

असा हा बाजारातच आयुष्य काढलेला माणूस एका हिमनदीच्या नादी लागला होता. निमित्त झालं एका कॅलेंडरचं. काटे बनवणाऱ्या कंपनीनं भेट दिलेल्या कॅलेंडरवर दोन काळे डोंगर आणि त्यांच्यामधून उतरत आलेला बर्फाचा पट्टा होता. महिना संपला तरी त्यानं पान उलटलं नाही, आणि वर्ष संपलं तरी कॅलेंडर काढलं नाही. मग नकाशा मागवला. तो कामाच्या टेबलावर भिंतीला चिकटवला. शेवटच्या गावापासून सहा दिवसांची चाल, खेचर नाही, हमाल नाही, आपलं ओझं आपल्याच पाठीवर. कुठला ओढा सकाळी दहाच्या आत ओलांडायचा, कारण उन्हं वर आली की बर्फ वितळून पाणी छातीपर्यंत चढतं, हेही त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. आठ वर्षं हे चाललं होतं. कोणी विचारलं, तर "यंदा काम फार आहे हो" म्हणून वेळ मारून न्यायचा.

काम वगैरे काही नव्हतं. घोडं अडलं होतं ते परवान्याच्या कागदावर. तिथे एकट्या माणसाला सोडत नाहीत. किमान दोघे हवेत. आता ज्या माणसानं आयुष्यात कोणाला "चला, कोपऱ्यावर चहा घेऊ" म्हटलं नाही, तो "चला, हिमनदीवर जाऊ" कसं म्हणणार? त्यात त्या कागदावर आणखी एक ओळ होती. साठ पूर्ण झालेल्यांना परवाना मिळत नाही. ग्रॅमरावाला या थंडीत साठ पूर्ण होणार होती. म्हणजे गेला तर हाच उन्हाळा, नाहीतर ते कॅलेंडर बघतच मरायचं.

सोबती मिळाला तो मात्र न मागता. बेकरीवाल्याचा मैद्याचा काटा बिघडला होता. बेकरीवाला म्हणजे बोलघेवडा, ढेरपोट्या, पंचावन्नचा. बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही, आणि पावासोबत प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट गप्पा. ग्रॅमरावाच्या पेटीत वजनांखाली नकाशाच्या दुसऱ्या प्रतीची घडी दिसली आणि त्यानं ती उलगडलीच.

"हे काय हो, ग्रॅमराव? पळून जाताय की काय?"

ग्रॅमरावानं जेवढ्यास तेवढं सांगितलं. बेकरीवाल्यानं हात झटकले, मैद्याचा ढग उडाला.

"मग दुसरा माणूस मी. भट्टीसमोर तीस वर्षं भाजून निघालोय, जरा बर्फ तरी बघू दे."

त्या दिवशी ग्रॅमराव घरी चालत नाही, जवळजवळ धावत गेला. नंतर दोन महिने दर रविवारी दुपारी बेकरीवाला त्याच्या खोलीवर यायचा. खोलीत खुर्ची एकच होती, म्हणून ग्रॅमरावानं दुसरी विकत आणली.

परवान्याचे अर्जही त्यांनी एका रविवारी तिथेच भरले. त्यात दुखण्यांबद्दलचे खासगी प्रश्न होते, म्हणून प्रत्येकानं आपला अर्ज आपण भरून घडी घालून पाकिटात टाकला. शेवटचा रकाना होता, "अपघात झाल्यास कोणाला कळवावे: नाव, नाते." तिथे ग्रॅमरावाचं पेन थांबलं.

त्याला एक बहीण होती, पाठची. आई गेली तेव्हा दोघांनी घर आवरलं. आईची भांडी त्यानं काट्यावर ठेवून निम्मी-निम्मी केली, अगदी ग्रॅमपर्यंत. बहिणीला त्यातलं एकच हवं होतं, चेपलेल्या काठाचं छोटं पातेलं. लहानपणी तिच्यासाठी दूध त्यातच तापायचं. त्यानं तिला समजावून सांगितलं, की ते तुझ्या वाटणीत घातलं तर तीनशे ग्रॅम जास्त होतात. ती काहीच न घेता निघून गेली. त्याला अकरा वर्षं झाली. माझं गणित तर बरोबर होतं, असं तो पहिली चार वर्षं स्वतःला सांगायचा. पुढे सांगायचं बंद केलं. पातेलं घरातच होतं, आणि त्यात कधी काही तापवायचा त्याला धीर झाला नव्हता.

त्यानं रकान्यात बेकरीवाल्याचं नाव लिहिलं. नाते: गिऱ्हाईक. पाकीट बंद केलं आणि टपालात टाकलं.

माशी शिंकली ती पुढच्या रविवारी. त्या दिवशी सामान तोलायचं होतं, माणशी चौदा किलो. ग्रॅमरावाचं ओझं तेरा किलो नऊशे नव्वद भरलं. टूथब्रशचा दांडाही त्यानं अर्धा कापला होता. मग बेकरीवाल्याची बोचकी उघडली. उशी, गजराचं घड्याळ, किलोभर साखर, दोन स्वेटर जास्तीचे.

"काढा. हेही काढा. हे कशाला? काढा."

बेकरीवाला हसत हसत काढत गेला. शेवटी त्यानं एक थर्मास ठेवला, नवा कोरा, स्टीलचा.

"अकराशे चाळीस, तोही रिकामा," ग्रॅमराव म्हणाला. "काढा."

"अहो, मुद्दाम दोन कपांचा घेतलाय. बर्फाच्या कडेला बसून दोघांनी गरम गरम..."

"स्टोव्ह नेतोय ना आपण? तुम्ही थकलात की हे माझ्याकडेच येणार, तुमच्या हौसेपायी मी माझी पाठ मोडून घेणार नाही."

जिथे एक शब्द पुरेल तिथे दहा वापरणारा तो माणूस फक्त "बरं" म्हणाला. थर्मास उचलला आणि निघून गेला. उशी, घड्याळ, साखर सगळं तिथेच राहिलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुसरी खुर्ची रिकामी बघवेना, म्हणून ग्रॅमरावानं तिच्यावर वजनांची पेटी ठेवली. पाव आणायला तो लांबच्या दुकानात जाऊ लागला. तिथला काटा चार ग्रॅम कमी दाखवत होता, पण सांगायचं कोणाला? संध्याकाळी दिवा लावला की नकाशावरचे डोंगर उजळायचे आणि हा टेबलाशी नुसता बसून राहायचा. एकटेपणा त्याला नवा नव्हता. पण दोन महिने कोणीतरी येत होतं, त्यामुळे आता तो बोचू लागला.

तिसऱ्या आठवड्यात पाकीट परत आलं. दोन्ही अर्ज, दोन्हीवर लाल पेनानं गोल, आणि वर कारकुनाचं वळणदार अक्षर: "कळवायची व्यक्ती त्याच गटातील नसावी. दोघेही बर्फात असताना कळवायचे कोणाला? पंधरा दिवसांत दुरुस्त करून पाठवावे."

ग्रॅमरावानं बेकरीवाल्याचा अर्ज उलगडला. लाल गोलात त्याचं स्वतःचं नाव होतं. लाइटबिलावरचं, पूर्ण. ते बेकरीवाल्याला माहीत आहे, हेच त्याला माहीत नव्हतं. आणि पुढे नाते: मित्र.

त्यानं आपला अर्ज शेजारी ठेवला. गिऱ्हाईक. त्याला रडू आलं, आणि ज्याच्यासमोर ते आवरावं असं खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

तासाभरात तो बेकरीच्या गल्ल्यापाशी उभा होता. बेकरीवाल्यानं मान वर केली नाही.

"पाव संपलाय."

"दुर्बीण सहाशे वीस," ग्रॅमराव म्हणाला. "सपाता तीनशे दहा. हत्यारांची पिशवी दोनशे दहा. माझ्यातून काढलं. थर्मास मी उचलीन."

बेकरीवाल्यानं मनातल्या मनात बेरीज केली. ती दुर्बीण ग्रॅमरावानं बर्फ बघायला आठ वर्षांपूर्वीच घेऊन ठेवली होती, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याची नजर काउंटरवर ठेवलेल्या कागदांकडे गेली.

"मी गिऱ्हाईक होय हो?"

"चूक झाली," ग्रॅमराव म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडून पस्तीस वर्षांत कोणी ऐकले नव्हते.

बेकरीवाल्यानं आत जाऊन दोन स्टुलं आणली. मग दोघे बसले आणि रकान्यात कोणाचं नाव घालायचं याचा विचार करू लागले. गिऱ्हाइकं आली, गेली. दोघांना अर्धा बाजार ओळखत होता. पण आपण मेलो तर कोणाला कळवावं, असं एकही नाव सुचेना.

"रक्ताचं कोणीच नाही?" बेकरीवाल्यानं विचारलं.

ग्रॅमरावानं पातेल्याची गोष्ट सांगितली. एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. ऐकून बेकरीवाल्यानं फक्त फोन पुढे सरकवला. नंबर अकरा वर्षांपूर्वीचा, पण पाठ होता. लागला.

"मी बोलतोय. दादा."

पलीकडे खुर्ची सरकली.

"बोल."

"मी हिमनदीवर चाललोय."

"कसल्या नदीवर? दादा, तुझी तब्येत बरी आहे ना?"

त्यानं सगळं सांगितलं. परवाना, लाल गोल, पंधरा दिवस. "तुझं नाव लिहू का, एवढंच विचारायचं होतं. नाही म्हणालीस तरी चालेल."

"माझ्याबद्दलही विचारा," बेकरीवाला शेजारून ओरडला.

"कोण आहे ते?"

"माझा मित्र आहे. त्यालाही कोणी नाही."

"लिही," ती म्हणाली. "दोघांच्याही कागदावर लिही."

ग्रॅमरावानं दोन्ही रकान्यांत तिचं नाव लिहिलं. फोन ठेवावा की धरून राहावं, कळेना.

"ते पातेलं तुझं आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून तुझंच होतं. निघण्याआधी आणून देतो."

पलीकडे ती नाक ओढत असल्याचा आवाज आला.

"निघण्याआधी नको," ती म्हणाली. "परत आल्यावर आण."