मोठ्या बाबूंचा सोळावा रकाना

मोठ्या बाबूंना सरकारी योजना कुठल्या देशाची उचललेली, हे फॉर्मच्या वासावरून कळायचं. सेनगावच्या आमच्या कचेरीत ते फाइल नाकाशी धरत आणि म्हणत, "ही जपानची." स्वतः ते शिरड शहापूरचे, त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास वसमतपर्यंत, तोही एसटीत उभ्यानं. पण मुंबईच्या साहेबानं परदेशात काय पाहिलं, हे साहेबाच्या बायकोआधी बाबूंना ठाऊक.

"सरकार काहून उचलतं हो बाहेरचं?" नवा होतो, मी विचारलं.

"उचलावं की! मीबी शेजाऱ्याचं बघूनच विहिरीवर मोटर बसवली. पण आधी विहिरीत डोकावलो होतो, लेकरा."

एकदा कुठल्याशा थंड देशाची रोजगार योजना आली. फॉर्मचं मराठी झालं, पण 'बर्फ पडण्याचे दिवस' हा रकाना तसाच राहिला. गावोगावहून 'निरंक' आलं. एकानं गारपीट धरून 'दोन' लिहिलं, तर त्या गावाला बर्फ उपसायची फावडी आली. अजून तिथं लग्नात भात त्याच फावड्यांनी वाढतात. खोटं वाटेल त्यानं पंगतीला बसून बघावं. कचेरी हसली. बाबू हसले नाहीत.

त्यानंतर 'एक गाव, एक पीक' आलं. जपानी नमुना. वसमतची हळद बघून वर कुणीतरी यादीत कोरडवाहू साखरा गावालाही हळदच लिहिली. यादी पक्की झाली की तूर-सोयाबीनचं अनुदानाचं बियाणं साखऱ्याला बंद. बाबू उन्हात दोन दिवस गावात फिरले. तिथली द्रुपदामावशी म्हणाली, "जपानला म्हणावं, पाणीबी तुमीच पाठवा."

बाबूंनी परतल्यावर पट्टी घेतली, छापील पंधरा रकान्यांशेजारी हातानं सोळावा आखला: 'पाणी आहे का? गावात विचारून लिहावे.' खाली लिहिलं, 'नाही.'

फाइल परत आली. लाल शेरा: 'विहित नमुन्यात बदल करू नये.' बाबूंनी कोरा फॉर्म भरला, पुन्हा सोळावा आखला. असं चारदा. पाचव्यांदा फाइल आलीच नाही. यादी आली, तिच्यात साखऱ्याचं नाव नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाल खुर्चीवरच ठेवली आणि पट्टी माझ्या हातात दिली. "लई दमलो रे. आता तू आख."

यंदा व्हिएतनामची योजना आहे. साखऱ्याला कोळंबीची तळी. माझा फॉर्म काल दुसऱ्यांदा परत आला, तोच शेरा घेऊन. चहा प्यालो, डोळे चोळले, आणि ड्रॉवरमधून पट्टी काढली.