लिहून घ्या, साहेब

तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पाय ठेवण्याआधी काकाजी चपला काढायचे. मग टाच मातीत रुतवायचे, थोडं थांबायचे, पाण्याचा अंदाज सांगायचे आणि मला म्हणायचे, "लिहून घ्या, साहेब." मी वही कधीच काढली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको.

भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान शहराच्या नगरपरिषदेत मी कनिष्ठ अभियंता. काकाजी तिथेच रोजंदारीवर, गावाच्या जुन्या तलावाचे राखणदार. त्यांचे वडीलही हेच करत. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल, ज्याच्या कामाला धड नाव नाही आणि ज्याच्यावाचून काम अडतं.

शहर स्मार्ट करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी तलाव हाती घेतला. कारंजी, चालायला ट्रॅक, खांबांवर कॅमेरे आणि पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. पातळी सुरक्षित असली की चौकातला बोर्ड हिरवा. नकाशा माझा होता आणि मला त्याचा भारी गर्व होता, खोटं कशाला बोलू. नोकरी नवीन होती, प्रोबेशन संपायचं होतं. काकाजींना त्या योजनेत केशरी जाकीट आणि शिट्टी मिळाली. जाकीट ते घालायचे, शिट्टी मात्र कधी वाजवली नाही. "बदकं भेवतेत," म्हणायचे.

ट्रॅक अखंड गोल यावा म्हणून मी जुना सांडवा बुजवला. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या वाटेनं धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भाताच्या शेतांकडे, निघून जातं, तो सांडवा. काकाजी त्याला सलंग म्हणत.

"सलंग काहून बुजवता, साहेब? कोष्टीपुऱ्याकडची पार दोन हात खाली हाये. पाणी तिकूनच उतरन. लिहून घ्या."

"काकाजी, आता सेन्सर आहे. पाणी वाढलं की बोर्ड लाल होतो."

"होत असन. पण पाणी का बोर्ड पाहून थांबते?"

सगळे हसले. मीही हसलो. एकदा त्यांनी मला हाताला धरून कोष्टीपुऱ्यात, तलावाखालच्या विणकरांच्या वस्तीत नेलं, एका घरी. हातमागासमोर जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. काकाजींनी मलाच त्या खड्ड्यात बसवलं. "पाणी पहिले इथी येते. मागावरचा सुताचा ताणा भिजला का महिनाभराचं काम गेलं. मंग घर." मी मान डोलावली, त्या घरचा चहा घेतला आणि ऑफिसात परत आलो.

त्या भादव्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दुपारी त्यांचा फोन आला.

"साहेब, पाणी चढून राहिलं. सलंग फोडा लागते. हुकूम द्या."

खिडकीतून चौकातला बोर्ड दिसत होता, हिरवागार. धोक्याची खूण मी सांडव्यावरच्या ट्रॅकच्या उंचीवर धरली होती आणि कोष्टीपुऱ्याकडची पार त्याहून खाली होती. म्हणजे अख्खी वस्ती बुडाली असती, तरी माझा बोर्ड हिरवाच राहिला असता. हे मला तेव्हा कळलं. मुख्याधिकारी नागपूरला बैठकीत होते. चार वेळा लावला, फोन बंद.

मी तलावावर पोचलो तेव्हा पाणी कोष्टीपुऱ्याकडच्या पारीच्या काठाला लागायला चार बोटं कमी होतं. खाली कोष्टीपुऱ्यात माणसं घाईघाईनं मागावरचे ताणे सोडवत होती, बाया लेकरांना घेऊन देवळाकडे निघाल्या होत्या. काकाजी बुजवलेल्या सांडव्यावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन उभे होते, अनवाणी.

"फोडू का?"

मी पायऱ्यांवर होतो. समोरच्या खांबावर कॅमेरा होता. आणखी चार पावलं टाकली असती तर मी त्याच्या टप्प्यात आलो असतो. हो म्हणालो तर सरकारी काम तोडायचा हुकूम माझा. नाही म्हणायची तर सोयच नव्हती. मी खांबाकडेच बघत राहिलो.

माझी नजर कुठे अडकली ते काकाजींनी पाहिलं. आधी कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"तुमी जा, साहेब," ते म्हणाले. "टपरीवर चहा पिऊन या."

आणि मी गेलो. चहा प्यालोसुद्धा.

तासाभरात पाणी बांध्यांकडे वळलं. कोष्टीपुऱ्यातल्या एकाही मागाच्या खड्ड्यात थेंब शिरला नाही.

मग चौकशी लागली. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं: केशरी जाकीट, सब्बल, उखडलेल्या फरश्या, एकटा म्हातारा. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून तोडलं? धोका आहे हे आधी कोणाला कळवलं होतं का?"

मी बाजूच्याच खुर्चीत होतो. बोलायचं म्हणूनच आलो होतो, शपथेवर सांगतो. मी पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलला.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "लिहून घ्या, साहेब," ते त्या अधिकाऱ्याला म्हणाले. "मी कोणाले विचारलं नाई. कोणाले सांगतलंबी नाई. माह्याच मनानं केलं."

त्यानं लिहून घेतलं. इतक्या दिवसांत काकाजींचं बोलणं कोणीतरी पहिल्यांदा कागदावर घेतलं, आणि नेमकं तेच खोटं होतं.

बाहेर मी त्यांना गाठलं. "काकाजी, असं काहून केलं?"

"तुमची नोकरी कच्ची हाये. पक्की झाली का सलंग बांधून टाकजा." एवढं बोलून ते चपला शोधायला लागले.

मी कायम झालो. सांडवा बांधला, नव्या नकाशात दाखवला, त्याबद्दल माझी वाहवाही झाली. काकाजींना कामावरून काढलं, ते सिहोऱ्याला लेकीकडे राहायला गेले. मोटरसायकलनं जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. मी अजून गेलेलो नाही.

त्या जबाबाची फाईल माझ्याच कपाटात आहे. मजकुराखाली काकाजींचा अंगठा आहे, थोडा फिसकटलेला. शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सही अगदी सुवाच्य आहे.