उलटा बसवलेला चिमटा

तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तीस वर्षं विजेच्या देखभालीचं काम केलं. मी निवृत्त झालो, पण अंगातला सुपरवायझर काही निवृत्त झाला नाही. चिंचणीच्या घरावर सोलर पॅनेल बसवल्यापासून तर रोज दुपारी मोबाइल उघडून बघत बसायचो, आपली किती वीज उरली आणि बाहेर वीज कंपनीकडे गेली. ती जाताना बघून जीव तळमळायचा. वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना मातीमोल भाव मिळतो; त्यापेक्षा आपल्याच घरातलं पाणी का तापवू नये?

त्या थंडीत मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना कढत पाणी लागणार, म्हणजे निमित्तही आयतंच मिळालं. बोईसरच्या दुकानदाराने सरळ उपाय सांगितला: मोठा गिझर घ्या, त्याला टायमर लावा, दुपारी अकरा ते दोन चालू ठेवा. बायकोला पटलं. मला नाही पटलं. मध्येच ढग आला किंवा कुणी मिक्सर लावला तर टायमरला काय कळणार? हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा हीट पंप पाहिला, तो फार घरघरतो म्हणून नको झाला. शेवटी मनासारखी एक छोटी पेटी सापडली. मीटरजवळच्या वायरीवर तिचा चिमटा बसवायचा. वीज आत येतेय की बाहेर जातेय हे त्यावरून ती ओळखते, आणि बाहेर जाणारी असेल तेवढीच गिझरकडे वळवते. दुकानदार म्हणाला, "बसवायला माणूस पाठवतो." मला हसू आलं. मला माणूस पाठवणार!

मोठा गिझर घेतला आणि पेटी मीच बसवली. सोबतची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. पेटीवर एक लाल बटण होतं, ऊन नसताना पाणी तापवायचं असेल तर दाबायला. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

बाळ झालं आणि मालिश-आंघोळीला दांडी गावाहून मावशी येऊ लागल्या. वय साठीच्या पुढे. त्यांनी आमच्या भागातली कित्येक बाळं पायांवर घेऊन न्हाऊ घातली आहेत, माझ्या या मुलीलाही घातलं होतं. सकाळी आठला यायच्या, बाळंतिणीला चोळायच्या, कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घ्यायच्या, आणि मग बाळाचं रडणं गल्लीभर ऐकू यायचं. पाणी भरपूर कढत असे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचो, हे कालच्या उन्हावर तापलेलं पाणी बरं का.

बाळाच्या गडबडीत मोबाइल बघायचा राहूनच गेला होता; आठवड्याने नीट पाहिलं आणि डोकं फिरलं. रोज सकाळी आठनंतर बाहेरची वीज धो धो आत येत होती, आणि दुपारी आपली वीज पूर्वीसारखीच बाहेर चालली होती. मी हिशोब मांडला: मावशी गुपचूप बटण दाबतात, गिझरची टाकी सकाळीच तापते, म्हणून दुपारी पेटीला काही काम उरत नाही. दुसरी शक्यता मनात आलीच नाही. एवढ्या वर्षांत कारखान्यातही काही बिघडलं की मी आधी माणूस शोधायचो, मग बिघाड.

मावशी बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या, तेव्हाच मी न्हाणीघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. "बटण कोण दाबतं? एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" आजवर मी त्यांना अहो-जाहो करत आलो होतो. त्या दिवशी जीभ कशी घसरली, माझं मलाच कळलं नाही.

"मी नाय हात लावला, भाऊ," त्या म्हणाल्या. "पानी तापलेलाच असतंय."

"मग काय भूत येऊन दाबतं? खोटं तरी बोलू नकोस."

मुलगी आणि बायको दोघी ऐकत होत्या. मावशींनी बाळ मुलीच्या मांडीवर दिलं, हात पुसले आणि बायकोला म्हणाल्या, "उद्यापास्न दुसरी बाई बघा."

दुसऱ्या दिवशी बायकोने घाबरत घाबरत बाळाला आंघोळ घातली. मी बटणापाशीच उभा होतो. कुणी त्याला हात लावला नाही. मोबाइलवर आलेख मात्र आठ वाजता तसाच वर चढला.

शिडी लावून मीटरपाशी गेलो. चिमट्यावर एक बाण असतो, तो कुठल्या बाजूला हवा याचं चित्र पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. मी तो उलटा बसवला होता. वीज आत येत असली की पेटीला वाटायचं ती बाहेर जातेय; म्हणून सकाळी आंघोळीला पाणी काढलं की ती बाहेरच्या विजेवर टाकी पुन्हा तापवायची, आणि दुपारी ऊन असताना बंद राहायची. नवख्या अप्रेंटिसने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं. चिमटा फिरवायला एक मिनिट लागलं. खाली उतरल्यावर बायकोने विचारलं, "काय होतं?" मी म्हणालो, "काही नाही, वायर सैल होती."

संध्याकाळी स्कूटरवरून दांडीला गेलो. मावशी अंगणात भांडी घासत होत्या. मी सगळं सांगितलं, बाण, पुस्तिका, सगळं. "चूक माझी होती, मावशी. तुम्हाला नको ते बोललो."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मला कशाला सांगता, भाऊ? मी काय केला नि काय नाय, ते मला ठाव हाय. तुमी पोरीसमोर बोललात. तिला सांगा."

"आजच सांगतो."

"मंग येते उद्या."

घरी आलो तर व्याही आलेले, चहा चाललेला. मी पेटी बसवल्याचं कौतुक बायको त्यांना सांगत होती. ते गेल्यावर सांगू म्हटलं. ते गेले. तोंडातून निघालं ते एवढंच: "मावशी उद्यापासून येतील. मी जाऊन बोलावून आलोय. झालं गेलं सोडून द्यायचं."

"बरं केलंत," बायको म्हणाली, "मन मोठं ठेवलंत." तेव्हाही बोलता आलं असतं. मी चहाचे कप उचलून आत नेले.

सकाळी मावशी आल्या. मुलगी माझीच, तिने चांगल्या मनानेच म्हटलं, "मावशी, बाबांनी काही मनात ठेवलेलं नाही हं. तुम्हीपण विसरून जा." तांब्या धरलेला मावशींचा हात थांबला. त्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं. त्यांनी बाळाच्या कपाळावर तळहात आडवा धरला आणि पाणी ओतलं. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत त्या एकही खाडा न करता आल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आता मुलीला पुन्हा दिवस गेलेत आणि तिला मावशीच हव्यात. परवा बायकोने फोन केला. मावशी येते म्हणाल्या, फक्त एकच अट घातली: बाळ-बाळंतिणीच्या आंघोळी होईपर्यंत भाऊंनी घरात थांबायचं नाही. बायको हसत मला सांगत होती, "लाजतात हो त्या तुमच्यासमोर, जुनी बाई आहे." मी मान हलवली आणि म्हणालो, "असेल, असेल."