सोनेरी बाजू वर

निर्जीवात प्राण घालणं हे माणसाला देवाच्या शेजारी नेऊन बसवणारं काम आहे, असं माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, आमच्या हॉलमध्ये म्हणाले. त्या वेळी ते पालथे पडून सतरंजीखाली गेलेला स्क्रू शोधत होते.

मेहुणे आमच्या सुरतेजवळ, हजीऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. तिथं नवं यंत्र सुरू करायचं म्हणजे मांडव, नारळ, साहेबांचं भाषण आणि पेढे. ते यंत्र आधी आठवडाभर गुपचूप चालवून पाहिलेलं असतं, ही गोष्ट त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितली.

बायकोनं पर्वत पाटियाजवळच्या एका साड्यांच्या ऑफिसात डिझायनर म्हणून बरीच वर्षं काढली होती. फुलं तिची, नाव मालकाचं. मग एका व्यापाऱ्यानं तिला सांगितलं, शनिवारपर्यंत बॉर्डरचे नमुने दाखवा, आवडले तर पुढच्या सीझनचं काम तुमचं. तिनं राजीनामा दिला. डिझाइनच्या जड फायली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या की तो नुसता तापायचा, त्यामुळे नवा कॉम्प्युटर घेणं आलं. तो सुटे भाग आणून घरीच जोडायचा, हे मेहुण्यांनी ठरवलं. तयार घेणं हा त्यांना त्यांच्या डिग्रीचा अपमान वाटला.

गुरुवारी सगळे भाग पाटावर मांडून झाले. मेहुण्यांनी हळदकुंकू मागितलं.

"दादा, आधी चालू तर होऊ दे. मग कर पूजा."

"वा गं! आधी बारसं आणि मग लग्न लावतेस का?"

भागांमध्ये सगळ्यात लहान होता प्रोसेसर. त्याच्या एका बाजूला करडा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला बारीक सोनेरी ठिपक्यांची गर्दी. विजेचे सगळे व्यवहार त्या ठिपक्यांतूनच होतात. मेहुण्यांनी तो ताम्हनात सोनेरी बाजू वर करून ठेवला. "लक्ष्मी कुठल्या अंगाला आहे ते दिसतंच की," म्हणाले, आणि त्यावर ओल्या कुंकवाचं बोट ठेवलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मीही हात जोडले. बसवताना त्यांनी तो रुमालानं पुसला, श्रद्धेला धक्का लागणार नाही इतपतच.

बटण दाबलं. पंखे गरगरले, निळे दिवे लागले, मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पडदा काळाच राहिला.

"येईल. मोठ्या यंत्राला वेळ लागतो."

वेळ भरपूर दिला. शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. आम्ही वायर बदलली, मॉनिटरऐवजी टीव्ही जोडून पाहिला, रॅम काढून खोडरबरानं घासून दुसऱ्या खाचेत घातली. पंखे प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहानं फिरत. बायको दारात उभी राहून बघायची आणि आत जायची. आत कागदावर तिनं काढलेल्या बॉर्डर पडलेल्या होत्या. व्यापाऱ्याला कागद नको होते, छपाईच्या फायली हव्या होत्या.

"दाजी, तुमच्या घरची अर्थिंग कधी तपासलीत का?" मेहुण्यांनी मला विचारलं.

"त्याच प्लगवर आमचा मिक्सर चालतो."

"मिक्सरला अक्कल लागत नाही."

"मग मी मिक्सरवरच काढू का बॉर्डर?" बायको आतून म्हणाली.

दुपारी काढण्यासारखा एकच भाग उरला होता. प्रोसेसर उचलला, तर खाली मदरबोर्डच्या खाचेत केसाएवढ्या तारांचं शेत, आणि त्यात मधोमध लाल चिखल वाळलेला. मेहुण्यांनी जुना टूथब्रश मागवला. पहिल्याच फटक्यात कुंकू थोडं निघालं आणि तारांची एक अख्खी ओळ आडवी झाली. दुसरा फटका मारायला मी त्यांना नको म्हणालो. तोवर तो मारून झाला होता.

मदरबोर्ड घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं तो दिव्याखाली धरला, मग आमच्याकडे पाहिलं.

"आ तो कोई नहीं ले, काका. कंपनीनी वॉरंटी तो गई." बोर्ड परत माझ्या हातात देत म्हणाला, "भगवाननी होय तो पूछी जुओ." म्हणजे देवाची वॉरंटी असेल तर विचारून बघा.

नवा बोर्ड बुधवारी येईल, असंही त्यानं सांगितलं.

शनिवारी सकाळी बायकोनं व्यापाऱ्याला फोन केला. तो फार सभ्यपणे बोलला. "वांधो नहीं, बेन," म्हणाला, आणि काम दुसऱ्याला दिल्याचंही त्याच सुरात सांगितलं. मेहुण्यांनी तिला समजावलं, की खरी कला साधनांवर अवलंबून नसते. तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. स्वतः घेतला नाही.

बुधवारचा बोर्ड मग कोणी मागवलाच नाही.

सोमवारी ती जुन्या ऑफिसात गेली. तिची जागा अजून भरली नव्हती. मालकानं काही विचारलं नाही, फक्त एक साडी पुढं टाकून तिची बॉर्डर हिरव्यात करायला सांगितली. तिथला कॉम्प्युटर जुनाट आहे, त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली आहेत. तिनं बटण दाबलं. तो चालू झाला.