आधी बँकेत, मग घर पाहायला
काल झेरॉक्सच्या दुकानात कोमट कागदांचा वास आला आणि मी आर्णीत घर पाहायला गेले तो दिवस आठवला. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होते, लग्न केलेलं नव्हतं आणि आईला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. घरं पाहायला निघण्याआधीच मी पगाराच्या स्लिपांचे झेरॉक्स बँकेत देऊन मला किती कर्ज मिळेल, याचं मंजुरीपत्र हातात घेतलं होतं. त्या घराचे मालक निवृत्त मास्तर होते. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, त्याची धूळ नाकात जात होती. मास्तर सगळं बोलत होते ते सोबत आलेल्या माझ्या मामाशी. "एकट्या बाईले बँक कर्ज देईन का? उद्या यवतमाळहून दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं, नगदी घेणारं." मामानं काळजीनं माझ्याकडे पाहिलं. मला राग आला नाही, कारण पत्र पिशवीतच होतं. ते मी मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाचून घ्या, गुरुजी." त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "मंग सौदा कधी करता, बाई?" मी म्हणाले, "आधी गच्ची दाखवा." ते चावी शोधायला आत गेले. आता त्या गच्चीवर आई पापड वाळवते, आणि घर कोणाचं असं कोणी खालून विचारलं, की हातातलं काम न थांबवता सांगते, "माह्या पोरीचं."