जिन्याने गेलेलं पाणी

गच्चीबाई कोणाच्याही घरी पाहणीला गेल्या की आधी गच्चीवर जात नाहीत. गच्चीच्या बरोबर खालच्या खोलीत जातात, एक सतरंजी मागून घेतात आणि फरशीवर सरळ उताण्या झोपतात. घरमालकाला वाटतं बाईंना चक्कर आली. "उभ्याने छत दिसत नाही, नुसती मान दुखते," त्या झोपल्या झोपल्या सांगतात आणि पंख्याच्या हुकापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवत राहतात. कुठे पिवळट कडा आहे, कुठे केसाएवढी चीर आहे, कुठे रंगाला फुगा आलाय. मग उठतात, साडी झटकतात आणि जिना चढतात.

सिमेंटच्या सपाट छतांचं गळणं थांबवणं आणि त्यावरचं ऊन अडवणं हा त्यांचा धंदा. खरं नाव वीजबिलावर आहे, बाकी सगळे गच्चीबाईच म्हणतात. नवरा शाळेची बस चालवतो. बायकोचा धंदा काय असं कोणी विचारलं की तो म्हणतो, "ती लोकांच्या डोक्यावर बसते. आधी फक्त माझ्याच बसायची."

सुरुवात रंगाच्या दुकानातली. तिथे त्या काउंटरवर होत्या. छताला लावायचं रसायन दुकानात डब्यांनी खपायचं आणि काही महिन्यांनी तीच गिऱ्हाइकं भांडायला परत यायची. मालक डबा बदलून द्यायचा आणि विषय संपवायचा. बाई एकदा एका भांडखोर गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या गच्चीवरच गेल्या. रसायन धुळीवर फासलं होतं आणि नखाने ओढलं की पापडीसारखं सुटत होतं. दोष डब्यात नव्हता, न मारलेल्या झाडूत होता. पुढच्या डब्याबरोबर त्या स्वतः गेल्या, तारेच्या ब्रशने छत घासून घेतलं आणि मगच डबा उघडू दिला. ती गच्ची गळली नाही. दुकानाला एक विक्रेती कमी पडली, शहराला एक कारागीर मिळाली.

काम घ्यावं की नाही, असा विचार त्यांनी आजवर एकाच कामाच्या वेळी केला. ते मुलीच्या सासरचं होतं.

सासरच्यांनी नवं घर बांधलं होतं. वरच्या मजल्यावर मुलीची आणि जावयाची खोली, आणि तिच्यावर उघडा स्लॅब. जावई कामासाठी महिनाभर बाहेर होता. मुलीने आईला फोन करून स्पष्ट सांगितलं, "आई, तू जगाच्या गच्च्या कर, ही नको. गळली तर तू तुझ्या घरी जाशील. मी इथेच राहणार आहे."

"आणि दुसऱ्याने केली आणि गळली तर?"

गच्चीबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

"तरी ऐकायचं तुलाच. 'तुझी आई एवढी कारागीर, आणि आपल्याच लेकीच्या घराला हात लावला नाही.' त्यापेक्षा मीच करते. निदान गळणार नाही."

विहीणबाई शिवणक्लास चालवतात. गळ्यात मोजपट्टी, बोलणं कात्रीसारखं. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मावलं, "गच्ची मला इस्त्री केल्यासारखी सपाट हवी. संध्याकाळी खुर्ची टाकून बसले की डुगडुगायला नको."

"सपाट केली तर खुर्ची टाकून तळ्यात बसाल."

"म्हणजे?"

"विहीणबाई, तुम्ही कपड्याला टक्स का घालता? सपाट कापडात माणूस मावत नाही म्हणून. सपाट गच्चीवर पाणीही हलत नाही. ते एका जागी बसतं आणि खाली जायची वाट शोधतं. त्याला वाट आपण दाखवायची, पाईपाच्या तोंडाकडे. उतार असा देते की खुर्चीला कळणार नाही, फक्त पाण्याला कळेल."

टक्सचा मुद्दा विहीणबाईंना पटला, पण तसं म्हणतील तर त्या विहीणबाई कसल्या! "बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

घरात आणखी एक माणूस होता, व्याही. त्यांनी आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचले आणि निवृत्तीनंतर मीटर त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. घरात कोणी दात घासत असलं की ते बाहेरून ओरडतात, "नळ बंद!" पाहुण्यांनाही सोडत नाहीत. एकच हौस, झाडांची. मागच्या अंगणात त्यांच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या होत्या. गच्ची झाली की त्या वर न्यायच्या होत्या.

काम सुरू झालं. स्लॅब घासून, धुऊन, वाळवला. चिरा छिन्नीने रुंद करून भरल्या. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई दिली, कारण पाणी काटकोनात शिरतं आणि गोलाईवरून घसरतं. मग सिमेंट आणि रसायनाचे हात दिले, एक आडवा आणि एक उभा. ते सुकल्यावर परीक्षा. गच्चीबाईंनी सगळी गच्ची विटेएवढ्या बुटक्या बांधांनी चौकोनांत विभागली, पाईपांची तोंडं बुजवली आणि प्रत्येक चौकोनात पाणी भरलं. पाणी जिथवर आलं तिथे पिवळ्या रंगाची रेघ ओढली. हे पाणी तसंच राहायला हवं. राहिलं तर वर विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन घालायचा आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायचे, म्हणजे ऊन आल्या पावली परत जाईल.

व्याही कठड्याला हात टेकून त्या पाण्याकडे बघत होते. "एवढं पाणी नुसतं उभं ठेवायचं?"

"उभंच ठेवायचं. त्याचं तेवढंच काम आहे."

दोन दिवसांनी गच्चीबाई बघायला आल्या तर विहीणबाई गच्चीवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. जिन्याच्या दाराजवळच्या चौकोनातलं पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं.

"विहीणबाई, पाणी कुठे गेलं?" त्यांनी गच्चीबाईंना विचारलं.

गच्चीबाई खाली गेल्या. मुलीच्या खोलीत, बरोबर त्या चौकोनाखाली, सतरंजी टाकून आडव्या झाल्या. मुलगी दारात उभी होती. छत कोरडं ठणठणीत होतं.

"आई, काय झालं?" मुलीने हळूच विचारलं.

"अजून काही नाही."

"सासूबाईंनी मामांना फोन केलाय."

मामा म्हणजे विहीणबाईंचा भाऊ. तो पत्र्याची शेड उभारून देतो. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर पत्रा हा इलाज आहे.

गच्चीबाई पुन्हा वर गेल्या आणि बाकीचे चौकोन पाहिले. सगळीकडे पाणी रेघेला जवळजवळ टेकलेलं. थोडं उन्हाने घेतलं होतं आणि सगळीकडून सारखंच घेतलं होतं.

"उन्हाला काय जिन्याजवळचंच पाणी गोड लागलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"स्लॅबमध्ये जिरलं असेल," विहीणबाई म्हणाल्या.

"जिरलं असतं तर खाली डाग पडला असता. हे पाणी खाली गेलंय खरं, पण स्लॅबमधून नाही. जिन्याने गेलंय."

विहीणबाईंना वाटलं, बाई चूक झाकायला विनोद करतायत. त्या खाली निघून गेल्या.

जिन्याला अजून फरशी नव्हती. सिमेंटच्या पायऱ्यांवर ओल्या थेंबांची माळ थेट मागच्या दारापर्यंत गेली होती. गच्चीबाई तिच्यामागून गेल्या. अंगणात कुंड्यांमधली माती काळीभोर होती आणि व्याही सुकलेली पानं खुडत होते. वर बघायचं टाळत होते.

"व्याहीबुवा, बादली प्लास्टिकची होती की लोखंडी?"

व्याह्यांच्या हातातलं पान गळालं. चोरी केली का असं विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं. या प्रश्नाला नाही म्हणायची सोय नव्हती.

"लोखंडी," ते म्हणाले. "प्लास्टिकची तडकलीय. इतकं पाणी नुसतं वाळतंय, मला बघवेना. चार-सहा बादल्यांनी कोणाला कळतंय?"

"मला पाण्याचं दुःख नाही. लोखंडी बादलीची कडा माझ्या थरावर घासली असेल, त्याचं आहे. ते खरचटणं तसंच कोब्याखाली गाडलं तर मुलीच्या खोलीत नक्की गळेल. कुठे बुडवत होता ते दाखवा."

"दाखवतो. पण हिला सांगू नका हो. जन्मभर सगळ्यांना नळ बंद करायला लावले. आता मीच पाणीचोर निघालो."

गच्चीबाईंनी क्षणभर विचार केला. "मी होऊन सांगणार नाही. पण तो चौकोन रिकामा करायला लागणार, आणि का म्हणून विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा टेप घेऊन हजर. त्याने कठड्यापासून कठड्यापर्यंत माप धरलं. "ताई, मी आधीच म्हणालो होतो, कुठेतरी पाणी मुरतंय. कितीही लेप लावा. या चार कोपऱ्यांत चार खांब, वर पत्रा, विषय संपला."

"खांब कशावर उभे करणार?" गच्चीबाईंनी विचारलं.

"स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारायचे."

"वा! गळू नये म्हणून भोकं."

मामा हसला नाही. मुलगी चहा घेऊन वर आली आणि तशीच उभी राहिली. ती आईकडे बघत होती. आई एक वाक्य बोलली असती तर सगळं मिटलं असतं. पण आई पिवळ्या रेघेकडे बघत राहिली.

"बरं, चालेल," विहीणबाई म्हणाल्या. "घे माप."

"एकदा पत्रा पडला ना ताई, की पाऊस नाही, ऊन नाही, कटकट नाही."

"ऊन नाही?" व्याह्यांनी विचारलं. ते इतका वेळ दारात होते.

"कवडसा येणार नाही, भाऊजी. गॅरंटी."

"मग माझ्या कुंड्या?"

"कुंड्या कसल्या घेऊन बसलात? खाली ठेवा की."

"खाली कंपाउंडच्या भिंतीची सावली आहे!" व्याह्यांचा आवाज चढला, आणि चढलेल्या आवाजातच उरलेलं वाक्य निघून गेलं. "काही मुरत-बिरत नाही. पाणी मी नेलं. बादलीने. झाडांना."

मामाच्या हातातली टेप सर्रकन आपल्या डबीत परत गेली.

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग गच्चीबाईंकडे. "तुम्हाला कालच माहीत होतं."

"तुम्हालाही कालच सांगितलं होतं. जिन्याने गेलंय म्हणून."

विहीणबाई नवऱ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "काल मी दोन भांडी जास्त विसळली तर केवढं व्याख्यान दिलंत मला! आता या घरात 'नळ बंद' हा शब्द ऐकू आला तर बघा." आणि भावाला म्हणाल्या, "तू चहा घे आणि जा."

चौकोन रिकामा केला तेव्हा दाराजवळ थरावर चंद्रकोरीसारखं खरचटलेलं सापडलं. व्याह्यांनी दाखवलं होतं बरोबर तिथेच. गच्चीबाईंनी ती जागा घासली, सुकवली, पुन्हा आडवा-उभा हात दिला आणि पाणी भरलं. जिन्याच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली विहीणबाईंच्या मोजपट्टीला बांधली गेली. या वेळी सगळ्या चौकोनांतलं पाणी रेघेशी सारखंच राहिलं.

मग कोबा झाला, उतार झाला. विहीणबाईंनी खुर्ची आणून चार ठिकाणी बसून पाहिलं. डुगडुगली नाही. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, ते मुकाट्याने पाईपाकडे चालू लागलं. वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसले. विहीणबाईंना मधे लाल नक्षी हवी होती. "लाल रंग ऊन पितो. नक्षी पडद्यावर काढा," असं म्हणून गच्चीबाईंनी तो प्रश्न निकालात काढला. शेवटी व्याह्यांच्या कुंड्या वर आल्या.

त्यानंतर एकदा ऐन उन्हाच्या दिवसांत गच्चीबाई मुलीकडे गेल्या. दुपारची वेळ. वरच्या खोलीत विहीणबाईंची मशीनं ओळीने लागली होती. दुपारचा क्लास आता तिथेच भरतो, खाली उकडतं म्हणून. क्लासच्या मुली अजून यायच्या होत्या. गच्चीबाईंनी सतरंजी टाकली आणि आडव्या झाल्या.

"अहो, आता कशाला?" विहीणबाईंनी विचारलं.

"सवय."

विहीणबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, मोजपट्टी काढून ठेवली आणि त्याही शेजारी आडव्या झाल्या. दोघी विहिणी छताकडे बघत राहिल्या.

"काय दिसतं?"

"काही नाही."

"मग बघायचं काय?"

"हेच."

मुलगी आत आली, दोघींना पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "दोघी उठा, मला फरशी पुसायचीय." तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कोणीतरी जपून, काही न सांडता वर चढत होतं.

विहीणबाई आडव्याच राहून ओरडल्या, "अहो, बादली कुठली?"

"प्लास्टिकची!" वरून उत्तर आलं.